पिस्तुलाचे म्यान

ग्वाल्हेरच्या बिर्ला नगर स्थानकावरून भिंडचा फाटा फुटतो. त्या वाटेने वीसेक किलोमीटर गेले की मालनपूर येते. तिथे २०१७ पासून बंदुकांचा खासगी कारखाना आहे. पुंज लॉईड आणि इस्रायलची आयडब्ल्यूआय यांनी मिळून तो काढला. २०२० मध्ये मोठा वाटा अदानी समूहाकडे गेला. रायफली आणि मशीनगनसोबत एक पिस्तूलही या कारखान्याच्या यादीत आहे. त्याचे नाव मसादा. नऊ मिलिमीटरचे, सतरा गोळ्यांचे, पॉलिमरच्या सांगाड्याचे, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे. पोलिसांच्या कमरेचे ईशापूरच्या सरकारी कारखान्याचे पिस्तूल तेरा गोळ्यांचे, सगळे लोखंडी आणि सुमारे पाव किलोने जड.

म्हणजे पोलिसाला आता निवड आहे. निवड आली की चर्चा आली. कोणत्या कंपनीचे? किती गोळ्यांचे? देशी की विदेशी? २६/११ नंतर महाराष्ट्रातही हेच प्रश्न तावातावाने विचारले गेले. एक प्रश्न मात्र तेव्हाही कुणी मोठ्याने विचारला नाही आणि आजही विचारला जात नाही. पिस्तूल ठेवायचे कशात?

पोलीस त्याला कव्हर म्हणतात, पाऊच म्हणतात, होल्स्टर म्हणतात. शस्त्रखरेदीची कोणतीही बातमी काढून पाहा. नळीची लांबी असते, पल्ला असतो, मॅगझिनमध्ये किती राऊंड बसतात ते असते. कव्हरवर एक ओळ सापडत नाही. ते चामड्याच्या सामानात येते, पट्टा आणि बुटांच्या रांगेत. आमची तक्रार एवढीच आहे आणि ती आम्हाला फार गंभीर वाटते.

कारण यंत्रात आहे. ईशापूरचे पिस्तूल १९३५ च्या ब्राऊनिंगच्या घडणीवर बेतलेले. ते वागवण्याचा रिवाज असा की मॅगझिन आत, चेंबर रिकामे, वरून लॉक. गोळी झाडायची तर आधी लॉक काढा, मग स्लाइड जोर लावून मागे ओढा, मग घोडा दाबा. प्रत्यक्ष चकमकीत हा वेळ पोलिसाला महाग पडतो, हे खरेच. पण पिस्तूल दुसऱ्याच्या हाती गेले तर तोच वेळ पोलिसाचा जीव वाचवतो. हिसकावणाऱ्याला या तिन्ही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात आणि धक्काबुक्कीत त्या जमाव्या लागतात. या पिस्तुलात आणखी एक सोय आहे. मॅगझिन काढून घेतले तर चेंबरमध्ये गोळी असूनही घोडा काम करत नाही. झटापटीत अंगठ्याने मॅगझिनचे बटण दाबता आले तरी धोका टळतो.

ग्लॉक, मसादा ही नव्या पिढीची पिस्तुले वेगळ्या विचाराची आहेत. चेंबरमध्ये गोळी ठेवून वागवता यावीत, अशीच ती घडवली आहेत. ती पडली, आपटली तरी सुटत नाहीत, कारण सुरक्षेची व्यवस्था आतल्या यंत्रात आणि घोड्यावरच आहे. अंगठ्याने सरकवायचे वेगळे लॉक सहसा नसते. काढायचे आणि दाबायचे. पोलिसासाठी ही मोठीच सोय. पण पोलिसाला जे सोपे, तेच हिसकावणाऱ्यालाही सोपे. या पिस्तुलात बाहेरचे लॉक म्हणून उरते ते फक्त कव्हर. तेव्हा नवे पिस्तूल घेऊन ते जुन्या, एका बटणाच्या कव्हरात घालणे म्हणजे असलेले लॉक काढून टाकणे आणि त्याच्या जागी काहीही न बसवणे.

आता मुंब्र्याकडे या. २३ सप्टेंबर २०२४. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातला आरोपी तळोजा तुरुंगातून पोलिसांच्या गाडीत. शेजारी सहायक निरीक्षक, कमरेला सरकारी पिस्तूल. पोलिसांचे म्हणणे असे की आरोपीने ते हिसकावले आणि गोळ्या झाडल्या. एक गोळी त्या अधिकाऱ्याच्या मांडीला लागली, मग वरिष्ठ निरीक्षकाने आरोपीवर गोळी झाडली आणि तो मेला. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने नेमक्या जागी बोट ठेवले. पिस्तूल लॉक नव्हते का? ज्याने ते कधी हाताळलेले नाही, त्याला स्लाइड ओढणे कसे जमले? पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल न्यायालयात आला. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नसल्याची नोंद त्यात होती आणि पाच पोलिसांवर ठपका होता. अंतिम निवाडा न्यायालयाचा. आम्ही तो इथे देत नाही.

पण दोन्ही बाजू ताडून पाहा. पोलिसांचे म्हणणे खरे मानले तर चालत्या गाडीत, चार पोलिसांच्या मधोमध, एका कैद्याला अधिकाऱ्याच्या कमरेचे पिस्तूल क्षणात काढता आले. मग ते कसल्या कव्हरात होते? आणि म्हणणे खोटे मानले तरी प्रश्न तोच राहतो. ‘हिसकावले’ हे सांगता आले, कागदावर आले आणि काही लोकांना पटलेही, कारण आपल्या पोलिसाच्या कमरेवरून पिस्तूल हिसकावता येते हे सर्वांनी गृहीतच धरले आहे. सुटे पिस्तूल दोन गोष्टी सारख्याच सोप्या करते. एक हिसकावणे. दुसरी, हिसकावले असे सांगणे.

हे एका मुंब्र्याचे नाही. ६ डिसेंबर २०१९, हैदराबादजवळ बलात्कार-खून प्रकरणातले चार आरोपी ठार. पोलिसांचे म्हणणे, त्यांनी हत्यारे हिसकावली. नागपूर खंडपीठात वकिली केलेले न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये ते साफ नाकारले. १० जुलै २०२०, कानपूरजवळ गुंड विकास दुबे ठार. आदल्या दिवशी उज्जैनला धरलेला, रात्रभर मध्य प्रदेश ओलांडून नेलेला. गाडी उलटली आणि त्याने निरीक्षकाचे पिस्तूल हिसकावले, असे पोलिसांचे म्हणणे. तिथल्या आयोगाने ते मान्य केले. दोन आयोग, दोन उलटे निष्कर्ष. पोलिसांच्या जबाबातले क्रियापद मात्र एकच. ते इतक्या वेळा ऐकल्यावर एखाद्या गृहखात्याने कव्हराचा नमुना मागवून पाहायला नको होता का?

ज्यांनी मागवून पाहिला, त्यांचे उदाहरण समोर आहे. अमेरिकेत पोलीस स्वतःच्याच पिस्तुलाने मारला गेला तर त्याची वेगळी मोजणी होते. एफबीआय ती दरवर्षी छापते. बिल रॉजर्स हा एफबीआयचा माजी अधिकारी. त्याने सत्तरच्या दशकात पिस्तूल धरून ठेवणारे कव्हर बनवायला घेतले आणि त्यासोबत एक परीक्षा ठरवली. कव्हर पट्ट्याला लावलेले, पिस्तूल आत. एक धडधाकट माणूस समोरून, बाजूने, मागून अंगची सगळी ताकद लावून ते ओढणार. पाच सेकंद. पिस्तूल आतच राहिले आणि कव्हरही पट्ट्यावर राहिले तर ते पास. त्याला दुसरे लॉक जोडले, पहिले उघडून पुन्हा तीच परीक्षा घेतली, की पुढचा दर्जा. पोलिसाचा अंगठा नेमक्या जागी, नेमक्या दिशेने दाबला गेला तरच पिस्तूल वर येते. दुसऱ्याच्या हाताला ती जागा सापडत नाही, आणि सापडली तरी त्याच्या कोनातून दाबता येत नाही. यात गूढ काही नाही. पिस्तुलाच्या किमतीपुढे या कव्हराची किंमत लहानशी आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा की अशा कव्हरातून पिस्तूल काढायला उशीर होतो. होतो, सराव नसेल तर. पण हा सराव रिकाम्या पिस्तुलाने होतो. त्याला गोळी लागत नाही, चांदमारीचे मैदान लागत नाही, मंजुरी लागत नाही. पोलिसांना सरावाच्या गोळ्या पुरत नाहीत, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. म्हणूनच जो सराव गोळीविना होतो, तो तरी झालाच पाहिजे. रोज हजेरीनंतर दहा मिनिटे. महिनाभरात अंगठा आपोआप जागेवर जातो.

दुसरे उत्तर दोरीचे मिळेल. लॅनयार्ड आहे की. खांद्यावरून येऊन मुठीच्या कडीत अडकणारी दोरी. ती घोडदळाची. दौडीत पिस्तूल निसटले तर जमिनीवर पडू नये म्हणून आली. हातातून सुटलेले पिस्तूल ती हातभर अंतरावर राखते. पण गाडीत कैदी असतोच हातभर अंतरावर. आणि खांद्याला बांधलेली दोरी कुणी मुठीत धरली तर बांधलेला माणूसच ओढला जातो. आज ती बहुतेकांच्या खांद्यावर शिट्टीसाठी असते. तिच्यावर विसंबू नये.

तिसरे उत्तर साध्या वेशाचे. शर्टाखाली विजारीत खोचलेले पिस्तूल. तपासाच्या कामात हे सर्रास चालते आणि त्यात एक प्रकारची ऐट मानली जाते. कव्हर नाही, घोडा उघडा, मूठ बाहेर. साध्या वेशासाठीही कव्हरे मिळतात, पट्ट्याच्या आत बसणारी. ती न वापरता आरोपीच्या शेजारी बसणे हा निष्काळजीपणा आहे. त्याला दुसरे नाव नाही.

तुरुंगाचे लोक हे फार आधी शिकले. बराकीत शिरणारा शिपाई कमरेला पिस्तूल लावून शिरत नाही. हत्यार दरवाजाबाहेर, नाहीतर बुरुजावर. कारण आत गेलेले हत्यार कुणाचे होईल हे सांगता येत नाही. आणि तोच कैदी दरवाजाबाहेर आला की बंद गाडीत पिस्तुलाला खांदा लावून बसतो. दरवाजाच्या एका बाजूला जी अक्कल नियम म्हणून पाळली जाते, ती दुसऱ्या बाजूला कुठे जाते?

ग्वाल्हेरने तरी हा प्रश्न किरकोळ मानू नये. कमरेवरून सुटलेल्या हत्याराचा सर्वांत जड हिशेब याच शहराच्या नावावर आहे. बेरेटा, १९३४ ची घडण, क्रमांक ६०६८२४. इटालियन सैन्याचे हे सेवेतले पिस्तूल. ते कुणा सैनिकासाठी घडले, कुठून कसे निघाले आणि ग्वाल्हेरच्या हातोहात चालणाऱ्या व्यवहारात कसे आले, याचा पुरता माग लाल किल्ल्यातल्या खटल्यातही लागला नाही. २८ जानेवारी १९४८ ला ते इथे नथुराम गोडसेच्या हाती पडले. दोन दिवसांनी दिल्लीत त्यातून तीन गोळ्या सुटल्या. ते एका कमरेवरून झटापटीत गेले नाही, हे आम्हाला कळते. पण ज्याच्यासाठी घडले त्याच्यापासून सेवेचे हत्यार सुटले की पुढचा हात कुणाचा, यावर कुणाचाच ताबा उरत नाही. हे मराठी माणसाला आणि ग्वाल्हेरला वेगळे शिकवायला नको.

खासगी रखवालदाराचे हाल तर याहून वाईट. नऊ मिलिमीटर हा निषिद्ध बोअर, तो त्याला मिळत नाही. त्याच्याकडे बारा बोअरची बंदूक, नाहीतर बत्तीसचे रिव्हॉल्वर, पुष्कळदा स्वतःच्याच परवान्यावर. भिंड-मुरैन्यातून असे कितीतरी जण परवान्याच्या जोरावर दूरच्या शहरांत बँकेच्या दारी उभे आहेत. इथे हत्यार निवडण्याचा प्रश्नच येत नाही. ज्याच्याकडे हत्यार आहे, तोच निवडला जातो. गर्दीच्या दारात तो दिवसभर उभा असतो, पाठ उघडी. त्याच्या कव्हराला एक बटण असते.

मालनपूरचे पिस्तूल चांगले असेल. ईशापूरचेही वाईट नव्हते. दोन्हींची तुलना जरूर करावी, पण त्याआधी एक काम आहे आणि त्याला अर्धा तास पुरतो. कोणत्याही जिल्ह्याच्या शस्त्रागारातून, ग्वाल्हेर असो की ठाणे, सध्या वाटपात असलेले एक कव्हर काढावे. आर्मररने पिस्तूल रिकामे केल्याची दोनदा खात्री करून ते त्यात ठेवावे. पट्टा एका अधिकाऱ्याच्या कमरेला बांधावा, त्याला गाडीच्या बाकावर बसवावे आणि शेजारी एक तगडा शिपाई बसवून त्याला ओढायला सांगावे. वरिष्ठांनी घड्याळ हातात धरून पाच सेकंद मोजावेत. किती सेकंदांत पिस्तूल बाहेर आले, तो आकडा सहीनिशी लिहावा आणि नव्या पिस्तुलाच्या निविदेला पहिले पान म्हणून जोडावा.