व्हिएतनाम स्वस्त, पण कुणाच्या जिवावर?

डॉलरमध्ये कमावणारे अनेक परदेशी व्हिएतनाममध्ये राहायला जातात, कारण तिथे घरभाडे आणि जेवण स्वस्त. २०२४ मध्ये तिथला विकासदर ७ टक्क्यांवर गेला. मात्र त्याच वर्षी जुलैपासून हनोईसारख्या शहरातही किमान वेतन होते महिना ४९.६ लाख डोंग, म्हणजे जेमतेम २०० डॉलर. ही स्वस्ताई कामगाराच्या तुटपुंज्या मजुरीतून येते.

आपला तरुण तिथे जाईल तो नोकरीसाठी. मित्रांनो, ९० दिवसांचा पर्यटन ई-व्हिसा म्हणजे कामाचा परवाना नव्हे. परवान्याविना राबलात आणि पगार बुडाला, तर दाद कुठे मागणार? तिकिटाआधी लेखी करार आणि वर्क परमिट मागा. हक्कांशिवायचे स्थलांतर ही नवी वेठबिगारीच!