गावाची निवडणूक घेणारा आयोग वेगळा. ताकद आहे, पण तारीख कुणाच्या हातात?

विधानसभेचं मतदान जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं, ग्रामपंचायतीचंही तिथंच. त्यामुळे दोन्ही निवडणुका एकच आयोग घेतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. लोकसभा-विधानसभा दिल्लीच्या भारत निवडणूक आयोगाकडे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या मुंबईतल्या राज्य निवडणूक आयोगाकडे.

हा आयोग आला ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ मध्ये. त्याआधी निवडणूक कधी घ्यायची हे सरकारच्या मनावर असायचं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांची निवडणूक १९७९ ला झाली, त्यानंतर थेट १९९२ ला. मध्ये एक पिढी मतदानाच्या वयाची झाली. म्हणूनच घटनेत पाच वर्षांची मुदत पक्की केली. राज्य निवडणूक आयुक्तांना नेमतात राज्यपाल, पण काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकंच अवघड. सरकारी नोकरीतल्या अधिकाऱ्याकडेच आयुक्तपदाचा जादा कारभार देणंही चालत नाही. गोव्यात तसं केलं होतं, तेव्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटले.

आयोगाने मनावर घेतलं तर काय होतं, हे नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळीने पाहिलंय. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी तिथं पदांचा लिलाव झाल्याचे व्हिडिओ फिरले. आयोगाने अहवाल मागवला आणि दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. गावाने बिनविरोध ठरवणं वेगळं आणि बोली लावून खुर्ची विकणं वेगळं.

पण हाच आयोग तारखेपाशी येऊन अडतो. मार्च २०२२ मध्ये बहुतांश जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. आधी ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता. मग मुदत संपायच्या सुमारासच विधिमंडळाने कायदा करून गट-गण आणि प्रभाग पाडण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. पुढे नुसत्या तारखांवर तारखा. तोवर रस्ता, पाण्याची टाकी, अंगणवाडी, कशासाठीही जायचं तर सीईओ नाहीतर बीडीओ. धरायला निवडून दिलेला माणूसच नाही.

शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. ते जमलं नाही. ईव्हीएम कमी, माणसं कमी, बोर्डाच्या परीक्षा, अशी कारणं पुढे आली. सप्टेंबरमध्ये कोर्टाने खडसावलं आणि ३१ जानेवारी २०२६ ची मुदत दिली.

कारणं खोटी नव्हती. आयोगाकडे स्वतःची फौज नाही. तहसीलदार, तलाठी, शिक्षक सगळे सरकारचेच, निवडणुकीपुरते उसने. मात्र सरकार साथ देत नसेल तर आयोगाने उच्च न्यायालयात जावं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगून ठेवलंय. ती वाट आयोगाने जोर लावून धरायला हवी होती. गावातल्या माणसाने याचिका करून निवडणूक मागायची वेळ येते, तेव्हा आयोगाचा स्वतंत्रपणा कागदावरच राहतो.

मतदार यादीचीही अशीच गोम आहे. राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही. विधानसभेची यादी ठराविक तारखेला घेतो आणि ती वॉर्ड किंवा गणाप्रमाणे फोडतो. प्रारूप यादी लागल्यावर तहसीलमध्ये हरकत घेता येते, पण ती नाव दुसऱ्याच वॉर्डात गेलं, किंवा विधानसभेच्या यादीत असून इथं सुटलं, एवढ्यापुरतीच. ज्याचं नाव मुळातच नाही, त्याला तिथं घालता येत नाही. त्यासाठी बीएलओकडे किंवा मोबाईलवरून ६ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि तोही आयोगाने यादीची तारीख धरण्याआधी. निवडणूक जाहीर झाल्यावर तहसीलला खेटे घालणाऱ्यांच्या हाती म्हणूनच काही लागत नाही.