परवान्याचा रंग

पिस्तूल बाळगण्याचा परवाना असलेल्या नागरिकाने पोलिसाने विचारल्यास आपल्याजवळ शस्त्र असल्याचे सांगावे, असा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याचा कायदा आहे. ६ जुलै २०१६ रोजी सेंट पॉल शहरालगतच्या फाल्कन हाइट्स येथे फिलँडो कॅस्टिल या ३२ वर्षांच्या कृष्णवर्णीय परवानाधारकाने कायद्याच्या अपेक्षेहूनही अधिक केले. मोटार अडविणाऱ्या पोलिसाने विचारण्यापूर्वीच, अदबीने, त्याने आपल्याजवळ शस्त्र असल्याचे सांगितले. संभाषण सुरू होऊन मिनिटभरही उलटले नव्हते, तोच पोलिसाने सात गोळ्या झाडल्या; त्यांतील पाच कॅस्टिलला लागल्या. शेजारी त्याची मैत्रीण होती, मागच्या आसनावर तिची चार वर्षांची मुलगी. पिस्तूल नंतर त्याच्या खिशातच सापडले.

मोटार अडविली ती मागचा दिवा बंद होता म्हणून, असे त्याला सांगण्यात आले. पोलिसाने मात्र बिनतारी यंत्रावरून सहकाऱ्याला आधीच कळविले होते की, चालकाचे नाक रुंद असून तो लुटीच्या गुन्ह्यातील संशयितासारखा दिसतो. नाकाची रुंदी हा संशयाला पुरेसा आधार ठरला!

या अडवणुकीमागे एक अर्थशास्त्रही आहे. सुमारे चौदा वर्षांत कॅस्टिलची मोटार ४६ वेळा अडविली गेली. त्यांपैकी केवळ सहा वेळचे कारण बाहेरून पोलिसाच्या नजरेस येईल असे होते. दंडाची एकूण रक्कम सहा हजार डॉलरांहून अधिक झाली. शाळेच्या भोजनगृहात काम करणाऱ्या माणसाला ती थोडी नव्हे. दंड थकला की वाहनपरवाना निलंबित. परवाना नसताना मोटार चालविली की पुन्हा दंड. आणि मोटारीवाचून कामावर जाणे अवघड. मिसूरी राज्यातील फर्ग्युसनच्या नगर-प्रशासनाने दंडवसुलीला महसुलाचे साधन करून टाकले होते, असे संघराज्याच्या न्याय विभागानेच २०१५ मध्ये नमूद केले. धनिकांवर कर लावण्याचे धैर्य नसले की पालिका गरिबाच्या मोटारीचे दिवे तपासू लागते.

नॅशनल रायफल असोसिएशन ही संघटना एरवी परवानाधारकाच्या केसाला धक्का लागला तरी आकाशपाताळ एक करते. या वेळी दोन दिवसांनी तिचे पत्रक निघाले, त्यात कॅस्टिलचे नावसुद्धा नव्हते. यात नवल नाही. १९६६-६७ मध्ये ऑकलंड येथे ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांच्या मोटार-अडवणुकीवर नजर ठेवू लागले. तेव्हाच्या कायद्यात ते बसत होते. म्हणून १९६७ साली कॅलिफोर्नियाने कायदाच बदलला. त्यावर स्वाक्षरी केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. (लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यात युरोपियनांना मिळालेली सूट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीत परकी वाटू नये.)

जून २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त केले. आपल्याला जिवाची भीती वाटली, हा त्याचा बचाव होता. ती भीती खरीही असेल. ज्या देशात माणसांहून बंदुका अधिक, तेथे मोटारीच्या खिडकीशी जाणारा पोलीस भ्यालेलाच असणार. या भयावर नफा कमावणारे बंदुकांचे कारखानदार मात्र कोणत्याच पिंजऱ्यात उभे नव्हते. आणि भय बचाव म्हणून मान्य होते तेही एकाच बाजूचे. खिडकीच्या आतील माणसानेही भ्यावे याला ४६ कारणे होती. मोटारीतील माणसे गोरी असती तर असे घडले नसते, असे राज्याचे गव्हर्नर मार्क डेटन दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते. ज्युरीपुढे तो प्रश्न नव्हता.

हा खटला भरणारे रॅम्झी परगण्याचे सरकारी वकील जॉन चोई यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले की, बंद दिव्यासारख्या किरकोळ कारणावरून मोटार अडवून उकरून काढलेले गंभीर गुन्ह्यांचे खटले आपले कार्यालय यापुढे सहसा चालविणार नाही. हा एका परगण्यातील एका निर्वाचित अधिकाऱ्याचा निर्णय आहे. अशा निर्णयाला सर्वत्र कायद्याचे बळ मिळाले पाहिजे, आणि रस्त्यावरच्या दंडाचा पैसा पालिकांच्या तिजोरीत जाण्याची वाटही त्याबरोबरच बंद झाली पाहिजे.