काम थांबवलं तर खाडा कुणाचा?

बांधकामावर माणूस पडला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. ठेकेदारावर गुन्हा दाखल होतो आणि ‘लेबर ऐकतच नाही, पट्टा लावत नाही’ असं सगळे म्हणतात. खरवई आणि एकूणच बदलापूर पूर्वेला इमारतींची कामं सतत चालू असतात, तिथेही हेच कानावर येतं. पण मजूर पट्टा का लावत नाही, याचं उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा दरात शोधावं. सेंट्रिंगचं काम बहुधा चौरस फुटावर दिलं जातं. परांचीवर पुरत्या फळ्या टाकायच्या, डक्टच्या तोंडाला आडवे बांबू बांधायचे, स्लॅबच्या कडेने दोर ताणायचा, यात जो वेळ जातो तो त्या दरात कुणी धरलेला नसतो. मुकादमाने तो दिला, तर त्याच्याच खिशाला चाट. आणि हुक अडकवायला दोरच नसेल, तर कमरेचा पट्टा हे नुसतं ओझं. ते मजुराने काढून ठेवलं तर त्यात नवल काय?

कायदा इथवर पोहोचत नाही. 1996 चा बांधकाम कामगार कायदा 10 मजुरांपासून लागू होत असे, पण सुरक्षा अधिकारी आणि समिती नेमायची ती 500 मजुरांपासून पुढे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेने अधिकाऱ्यासाठी हा आकडा 250 वर आणला. सात-आठ मजल्यांच्या इमारतीवर एवढी हजेरी कधी भरते? म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक साइटवर सुरक्षेचा माणूस म्हणजे मुकादमच. तसा नुसत्या अधिकाऱ्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण काम रात्रीही चालतं. फेब्रुवारी 2022 मध्ये पुण्यात येरवड्याला स्लॅबची लोखंडी जाळी कोसळून पाच मजूर गेले. 1 ऑगस्ट 2023 ला शहापूरजवळ सरलांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळून वीस जण गेले. दोन्ही अपघात रात्रीचे. रात्र हेच कारण होतं असा दावा मी करणार नाही. पण साहेब घरी गेल्यावर ‘आता थांबा’ हा शब्द कुणाचा चालतो, हे प्रत्येक साइटवर आधी ठरलेलं असायला हवं, आणि तो शब्द उच्चारणाऱ्याचा रोज बुडता कामा नये. गँगमध्ये सुरक्षेची सवय रुजते ती इथून. हेल्मेटवाटपाच्या फोटोतून नाही.

यावर म्हटलं जाईल की नाक्यावरचा बिगारी आज इथे, उद्या अंबरनाथला. त्याला काय शिकवणार? खरं आहे, बिगारी बदलतो. मुकादम सहसा बदलत नाही. गावाहून माणसं तोच आणतो, उचल तोच देतो, त्याचं ऐकलं जातं. सकाळी हजेरी घेताना त्याने आज कुठे धोका आहे, काल कोण थोडक्यात वाचला, हे मजुरांच्या भाषेत सांगितलं तर नव्या माणसालाही पहिल्याच दिवशी कळतं. दुसरी शंका अशी की थांबण्याची मुभा दिली तर कामचुकारपणा वाढेल. ज्याचं बिल स्लॅब भरल्यावरच निघतं तो मुकादम उगाच काम थांबवणार नाही. त्याच्या बाबतीत भीती उलटीच आहे, तो थांबायला हवं तिथेही थांबणार नाही. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. लंडनमध्ये 2012 च्या ऑलिम्पिकची बांधकामं एकही मजूर न गमावता पूर्ण झाली, पण तिथे सुरक्षेच्या अटी कंत्राटातच घातलेल्या होत्या. आपल्याकडे बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेतात. त्यातून राज्याचं बांधकाम कामगार कल्याण मंडळ नोंदणीकृत कामगाराला सुरक्षा संच देतं. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि सतत ठेकेदार बदलणाऱ्याला तो सहज मिळत नाही. शिवाय संचातलं हेल्मेट परांचीला फळी पुरवत नाही. त्यासाठी बिल्डरने लेबर कॉन्ट्रॅक्टरशी करार करतानाच दोर, जाळी, फळ्या आणि थांबलेल्या वेळेचा रोज ही बाब चौरस फुटाच्या दरातून बाहेर काढून वेगळी लिहावी, म्हणजे दर पाडताना तिला कात्री लागणार नाही. कुळगाव-बदलापूर नगरपालिकेने बांधकाम परवानगी देताना या कराराची प्रत मागायला हरकत नाही. नाहीतरी नकाशांसोबत इतके कागद मागितले जातातच.