वाट पाहणारे घर

रात्रीची जेवणे आटोपली, गुरांना वैरण टाकून झाली, की घरची मंडळी टीव्हीपुढे बसतात. गोष्ट फौजी जवानाची असली तर म्हातारी माणसेही जागची हलत नाहीत. १९८९ साली दूरदर्शनवर ‘फौजी’ लागली. पुढे २०१७ ते २०१९ या काळात झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ चालली. तिच्यात साताऱ्याकडच्या खेड्यातून फौजेत जाणारा अजिंक्य होता, तशी मागे राहणारी शीतलही होती. म्हणूनच ती मालिका शेतकऱ्यांच्या घरात आपलीशी वाटली.

देशाची सरहद्द आपल्या झाडीपट्टीपासून फार लांब. पण वाट पाहणारी घरे मात्र आपल्याच गावांत आहेत. गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी १९९० साली पोलिसांचे सी-६० पथक उभे राहिले. जंगल आणि गोंडी-माडिया बोली जाणणारे इथलेच तरुण त्यात घेतले गेले. ‘लागिरं झालं जी’ चालू होती त्याच दिवसांत, १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. पंधरा पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक प्राणास मुकले. काही त्याच तालुक्याचे, तर काही बुलढाणा, बीडकडचे. बहुतेक खेड्यापाड्यांतली पोरे.

झाडीपट्टीचा माणूस रात्र रात्र नाटक बघतो, रडण्याच्या प्रसंगी मोकळेपणी रडतो. ते वाईट नाही. पण पडद्यावरचे दुःख अर्ध्या तासात संपते, आणि घरातले दुःख रोवणीच्या दिवसांतही तसेच उभे असते. पुढारी येऊन जातात, हार सुकतात, आणि महिन्याभरात बांधीत चिखलणी कोणी करायची हा प्रश्न पडतो. लेकरू शाळेत जायचे असते. सासूने मुलगा गमावलेला, सुनेने नवरा; अशा वेळी आलेल्या पैशावरून दोघींत अंतर पडले तर घर दुसऱ्यांदा मोडते.

अशा घरासाठी शेजाऱ्यांना पुष्कळ करता येते. रोवणीला आणि कापणीला दोन दिवस त्यांच्या बांधीत जावे. फौजी जवानाचे घर असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, पोलिसाचे असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयात शिकल्यासवरल्या कोणी त्या बाईसोबत जावे. मृत्यूचा दाखला, बँकेचे खाते, तलाठ्याकडची वारसनोंद ही कामे वेळीच व्हावीत. कोऱ्या कागदावर तिचा अंगठा वा सही कोणी घेऊ नये, एवढी नजर ठेवावी. हळदीकुंकवाला, लग्नकार्याला तिला मुद्दाम बोलवावे, आणि मानाने बसवावे.

ज्यांचा जवान आज नोकरीवर आहे, त्यांनीही तो सुटीवर आला की नामनिर्देशनाचे कागद एकदा उघडून पाहावेत. बोलायला जड जाते, पण हे बोलणे सासू-सुनेसमोर व्हावे. पुढे त्या दोघींनाच एका चुलीवर दिवस काढायचे असतात.