साखरेच्या पट्ट्यातला धुमसता दाह

‘दाह’ म्हटलं की आपल्याला पोटातली जळजळ किंवा ‘अंगातली उष्णता’ आठवते. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात, ते वेगळं. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. पांढऱ्या पेशी तिथं धावतात आणि काम झालं की चार-आठ दिवसांत सगळं शांत होतं. हा दाह हवाच. घात करतो तो दुसरा. ना सूज, ना ताप, पण वर्षानुवर्षं मंद धुमसणारा. रक्तातलं सीआरपी हे प्रथिन थोडं चढलेलं दिसतं, एवढीच त्याची खूण. मधुमेह, हृदयविकार आणि यकृतातली चरबी यांच्याशी त्याचं नातं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ‘कॅन्टोस’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. आधी झटका येऊन गेलेल्या रुग्णांना कोलेस्टेरॉलला हात न लावणारं, फक्त दाह कमी करणारं औषध दिलं, तरी पुढचे झटके कमी झाले. मात्र ते औषध अतिशय महागडं आणि त्यानं जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले. म्हणून औषधाच्या आधी ताटाकडे बघावं लागतं.

आता बारामती-इंदापूरचं ताट बघू. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला, पुढे ऊस आला, कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही नावं इथं कारखान्यानंच ओळखली जातात. उसानं घरं बांधली, मुलं शिकवली. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच उसानं साखर घरात पोत्यानं आणली. सभासदाला सवलतीच्या दरातली साखर मिळते, दिवाळीची वेगळी. पोत्यात असलेली वस्तू कुणी चमच्यानं मोजत नाही.

आपण मोजू. आपल्याकडच्या गोड चहाच्या कपात दोन चमचे साखर धरली तर आठ ते दहा ग्रॅम. सकाळचा, न्याहारीचा, रानातला, पाहुण्याबरोबरचा आणि संध्याकाळचा मिळून पाच चहा झाले की चाळीस ते पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि पंचवीसच्या आत राहिलात तर उत्तम. म्हणजे नुसत्या चहातच दिवसाचा कोटा संपला. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं, संध्याकाळचा फरसाण हे सगळं त्याच्यावर. ‘आम्ही गुळाचा चहा घेतो’ म्हणणाऱ्यांनीही सुटल्यासारखं वाटून घेऊ नये. गुळातही बहुतांश साखरच असते.

आजोबाही गोड खायचे, मग त्यांना कसं काही झालं नाही? ते मोट हाकायचे, पाटानं पाणी द्यायचे, बाजाराला चालत जायचे. आज मोटर मोबाइलवरून सुरू होते आणि बांधापर्यंत दुचाकी जाते. न वापरलेली ऊर्जा पोटाच्या आत, आतड्यांभोवती चरबी होऊन बसते. ही चरबी नुसती साठवण नाही, ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. त्यात आपली शरीराची ठेवणही अडचणीची. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचे. तेव्हा ‘माझं वजन कुठं वाढलंय?’ हा युक्तिवाद आपल्याकडे फारसा चालत नाही. कमरेला टेप लावावी.

दाह कमी करणारा आहार म्हणून हल्ली जे सांगितलं जातं, ते याच तालुक्यांच्या जिरायत पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं गेलं. सुपे, मोरगाव, लोणी भापकरकडे किंवा इंदापूरच्या टेलच्या गावांत ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलग्याचं माडगं, पालेभाजी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी हे गरिबीचं जेवण मानलं जायचं. यातला तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न. ते त्यापासून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. त्यानं आतड्याचं अस्तर धड राहतं आणि दाहाला लगाम बसतो. जवसात ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्ल असतं. कालव्याचं पाणी आलं, हातात पैसा आला आणि हुलगा मागे पडला. भिगवणच्या मासळीबद्दल विचाराल, तर चिलापीत समुद्रातल्या बांगड्याएवढं ओमेगा-३ नसतं. तरी फरसाणापेक्षा ती शंभर पटीनं बरी, फक्त हायवेच्या ढाब्यावर ती ज्या तेलात पोहते ते सोडून.

हळदीच्या कॅप्सूल आणि डाळिंबाच्या रसाच्या बाटल्या यांवर मात्र माझा विश्वास नाही. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं शोषलं जातं. इंदापूरचं डाळिंब आणि पेरू चावून खावेत. रस गाळला की चोथा जातो आणि साखर उरते. कुठलाही एक पदार्थ दाह विझवत नाही, आणि संधिवाताची गोळी चालू असेल तर चटणीच्या भरवशावर ती बंद करू नये.

घरच्या घरी चहातली साखर निम्मी करता येते. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते. पण पोतं घरात येतच राहिलं तर किती दिवस टिकणार? म्हणून माझी सूचना कारखान्यांना आहे. सभासदाला सवलतीची साखर देता ती निम्मी करा आणि उरलेल्या सवलतीत तूरडाळ, मटकी, हुलगा द्या. साखर कारखान्याच्या गोदामातच असते, डाळ विकत घ्यावी लागेल, हे खरं. पण ती आपल्याच जिरायत गावांतून घेता येईल, तिथल्या शेतकऱ्याला गिऱ्हाईकही मिळेल. वार्षिक सभा साधारण सप्टेंबरात होतात. उसाच्या दरावरची भाषणं संपली की एखाद्या महिला सभासदानं हा विषय मांडावा. चहात साखर किती पडते, हे सभेतल्या इतर कुणाहीपेक्षा तिला जास्त माहीत असतं.