ओरखडा कोणत्या बाजूला?

दिवाळीची आवराआवर निघाली की पुण्यातल्या घराघरांतून टीव्हीखालच्या कप्प्यातला सीड्यांचा गठ्ठा बाहेर येतो. अलूरकरांनी काढलेलं पु.लं.चं कथाकथन, गीतरामायण, आणि त्यांच्यातच मिसळलेल्या मुंजीच्या, लग्नाच्या, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या सीड्या. कुणीतरी एखादी लावून बघतं. चित्राचे चौकोन होतात, आवाज अडखळतो. ‘गेली ही’ असं म्हणून ती भंगाराच्या पिशवीत पडते. माझं कळकळीचं सांगणं आहे, पिशवीत टाकण्याआधी ओरखडा कोणत्या बाजूला आहे ते बघा.

सीडीची जाडी 1.2 मिलीमीटर. खालची चकचकीत बाजू म्हणजे निव्वळ पारदर्शक प्लॅस्टिक. माहिती असते पार वर, छापील बाजूच्या लगेच खाली, ॲल्युमिनियमच्या पातळ थराला चिकटून. लेसर प्लॅस्टिकमधून आरपार वर बघतो. म्हणजे खालचा ओरखडा चष्म्याच्या काचेवरच्या चऱ्यासारखा: मजकूर शाबूत आहे, दिसत तेवढा नाही. वरच्या बाजूचा ओरखडा मात्र मजकूरच खरवडून नेतो. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले, तर तेवढा भाग गेला. डीव्हीडीत माहिती दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असते, म्हणून तिची वरची बाजू जरा दणकट.

आत्याकडच्या मुंजीच्या सीडीवर ठिपके नव्हते. होते ते बोटांचे ठसे आणि खाली दोन-तीन चरे. आधी नळाखाली धरून भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब लावला. बऱ्याच सीड्यांचं काम एवढ्यावरच होतं. पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ. गोल गोल कधीच नाही. 1982मध्ये सीडी बाजारात आली तेव्हाच फिलिप्स आणि सोनीच्या मंडळींनी ओरखडे गृहीत धरले होते. माहिती अशी विखरून लिहिली जाते, की तबकडीवरच्या वाटेत अडीचेक मिलीमीटरची खोट आली तरी प्लेअर हिशेबाने ती भरून काढतो. आडवा चरा ही वाट क्षणभर ओलांडून जातो. गोल चरा वाटेवरूनच चालतो, आणि तिथे हिशेब संपतो.

एवढ्यानं भागलं नाही तर टूथपेस्ट. साधी पांढरी, जेल नव्हे. जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यावर वाटाण्याएवढी घ्यायची आणि फक्त चऱ्यावर, हलक्या हाताने, आतून बाहेर घासायची. पेस्टमधल्या बारीक भुकटीने चऱ्याच्या धारदार कडा बोथट होतात आणि लेसर तिथे कमी भरकटतो. जागा थोडी धुरकट झाली तर घाबरू नका. दाणेदार दंतमंजन किंवा पितळ घासायची पावडर मात्र प्लॅस्टिकला लावू नका.

धुऊन, सुकवून सीडी प्लेअरमध्ये न घालता कॉम्प्युटरला लावा आणि लगेच कॉपी करा. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा वाचतो, असं पुष्कळदा होतं. डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आधी चांगला भाग उचलतो आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. त्यामुळे मंगलाष्टकं मधल्या भागात सुखरूप असतात आणि हात लागतो त्या कडेला येतात शेवटच्या पंगती. आत्याला नेमक्या पंगतीच हव्या होत्या; आग्रह करून जिलबी वाढणारे काका मुंजीच्या विधींत कुठेच नाहीत. त्या बहुतेक मिळाल्या, मधली काही मिनिटं सोडून.

म्हणून गठ्ठ्यातल्या घरगुती सीड्या आधी हातात घ्या. गीतरामायणाची दुसरी प्रत कुणाकडे तरी, नाहीतर जुन्या बाजारात सापडेल. मुंजीची प्रत बहुधा एकच असते, आणि तीही रंगद्रव्याच्या थरावर ‘बर्न’ केलेली. उन्हाने तो थर विटला की घासायला काही उरत नाही. ओरखडा नसला तरी ती याच दिवाळीत उतरवून घ्या.